अंगावरून वारे जाण्याआधी : पक्षाघात ओळखणे आणि टाळणे

डॉक्टरांच्या कागदावर ‘स्ट्रोक’, वर्तमानपत्रात पक्षाघात किंवा अर्धांगवायू, बोलण्यात लकवा आणि जुन्या माणसांच्या तोंडी ‘त्याच्या अंगावरून वारं गेलं’, अशी एकाच आजाराची अनेक नावे मराठीत नांदतात. शेवटच्या शब्दप्रयोगामागे आयुर्वेदातला वातविचार आहे. चरकसंहितेने ‘पक्षवध’ वातव्याधींतच गणला आहे. शब्द जुना आहे आणि सुंदरही आहे, परंतु त्याच्यासोबत एक समजूत नकळत मनात उतरते, ती अशी की वारे येते आणि जाते, त्यावर कुणाचा इलाज चालत नाही, आणि ते गेल्यानंतर मालिश, शेक व झाडपाला एवढेच हाती उरते. प्रत्यक्षात बिघाड मेंदूच्या रक्तवाहिन्यांत असतो, बहुतेक वेळा तो वर्षानुवर्षे सावकाश तयार होत असतो, आणि त्याचा बराचसा हिशेब दोन आकड्यांत मांडता येतो. पहिला आकडा रक्तदाबाचा, जो वर्षानुवर्षे सांभाळायचा असतो. दुसरा घड्याळातल्या वेळेचा, जो झटका येईल त्या दिवशी कुणीतरी लक्षात ठेवायचा असतो. पुढील सर्व विवेचन या दोन आकड्यांभोवती आहे.

मेंदूत नेमके काय घडते

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. स्नायूंसारखा त्याच्याजवळ साठा नसतो. रक्ताचा प्रवाह थांबला की काही मिनिटांत त्या भागातल्या पेशी मरू लागतात. मेंदूतली मोठी धमनी बंद पडल्यास दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब संशोधकांनी मांडलेला आहे. तज्ज्ञ मंडळी या आजारात मिनिटांचा एवढा आग्रह का धरतात, ते या एका आकड्यावरून समजते.

रक्तपुरवठा दोन प्रकारे तुटतो. जगभरात बहुसंख्य रुग्णांमध्ये, म्हणजे शंभरातील साधारण साठ ते पासष्ट लोकांमध्ये, रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते. उरलेल्यांमध्ये रक्तवाहिनी फुटून मेंदूत किंवा मेंदूभोवती रक्तस्राव झालेला असतो. गुठळी येते तीही निरनिराळ्या ठिकाणांहून. मानेतल्या किंवा मेंदूतल्या मोठ्या धमनीच्या भिंतीवर चरबीचा थर साचतो, तो एके दिवशी तडकतो आणि त्यावर रक्त गोठते. कधी हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्याने हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त रेंगाळून गोठते आणि तिथून सुटलेली गुठळी थेट मेंदूत जाऊन बसते. कधी मेंदूच्या खोल भागातल्या केसासारख्या बारीक वाहिन्या रक्तदाब आणि मधुमेहामुळे जाड होऊन आतून बुजतात. याच बारीक वाहिन्या रक्तदाबाच्या माऱ्याने कमकुवत होऊन फुटल्या की रक्तस्राव होतो. म्हणजे गुठळी असो वा रक्तस्राव, दोन्हींच्या मुळाशी वारंवार एकच गोष्ट सापडते, आणि ती म्हणजे न सांभाळलेला रक्तदाब.

मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी. बहुतेक माणसांची भाषा डाव्या भागात असल्याने उजवा हात-पाय लुळा पडलेल्या रुग्णाची वाचाही अनेकदा जाते. अशा माणसाला वेड लागले किंवा त्याला काही कळत नाही असे समजणे हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे. पुष्कळदा त्याला सगळे उमगत असते, फक्त शब्द सापडत नसतात.

हा शहरी, बैठ्या आणि सुखवस्तू माणसांचा आजार आहे, हाही एक गैरसमज आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ खेड्यांत ‘सर्च’ या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले, १४.३ टक्के मृत्यू त्यामुळे झाले होते, आणि त्यांतील बहुसंख्य माणसे घरीच गेली होती. जिथे लोक दिवसभर कष्ट करतात आणि धान-भाजीवर राहतात, तिथली ही स्थिती आहे.

झटका ओळखायचा कसा

पक्षाघाताची सर्वांत मोठी खूण म्हणजे त्याचे अचानक येणे. पाच मिनिटांपूर्वी धडधाकट असलेल्या माणसाच्या हातातला चहाचा कप निसटतो, ओठाचा एक कोपरा खाली ओघळतो, जीभ जड होऊन शब्द बोबडे येतात. शंका आली की तीन गोष्टी पाहाव्यात. त्यांना दात दाखवून हसायला सांगावे आणि चेहरा एका बाजूला ओढला जातो का ते बघावे. डोळे मिटून दोन्ही हात समोर उचलून दहा सेकंद धरायला सांगावे; एक हात आपोआप खाली येऊ लागला तर तो कमजोर झाला आहे. ‘आज कोणता वार, आणि सकाळी काय खाल्लं?’ असा साधा प्रश्न विचारावा. उत्तर अडखळत, असंबद्ध किंवा प्रश्नच न कळल्यासारखे आले तर तीही खूण होय. तिन्हींपैकी एक जरी गोष्ट नव्याने आणि अचानक आढळली, तरी दुसरीची वाट पाहू नये.

या तीन खुणांत न बसणारे झटकेही असतात आणि तेच अधिक चुकतात. मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तर हातापायांतली ताकद शाबूत राहून अचानक तोल जातो, एकाच्या दोन वस्तू दिसतात, गरगरते, उलट्या होतात. अशा रुग्णाला ‘पित्त झालं’ म्हणून झोपवून ठेवले जाते. एका डोळ्यासमोर अचानक पडदा येणे किंवा दोन्ही डोळ्यांच्या एकाच बाजूचे दिसेनासे होणे हीदेखील लक्षणे आहेत. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी भयंकर डोकेदुखी क्षणार्धात सुरू होणे, हे मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाचे लक्षण असू शकते.

एक अडचण अशी, की गुठळीच्या पक्षाघातात बहुधा काही दुखत नाही. छातीत कळ आली की माणूस घाबरतो आणि घरच्यांनाही घाबरवतो. हात नुसता जड झाला तर ‘झोपून उठलो की मोकळा होईल’ असे म्हणून कूस बदलतो. उपचाराची वेळ वाया जाण्याचे हे सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्दैवी कारण आहे.

चेहऱ्याचा अर्धा भाग लुळा पडणाऱ्या, पण मेंदूशी संबंध नसलेल्या एका वेगळ्या आजारालाही लोक तोंडाचा लकवा म्हणतात. त्यात चेहऱ्याची नस सुजलेली असते, त्या बाजूच्या कपाळावर आठ्या पडत नाहीत, डोळा पुरता मिटत नाही, मात्र हात-पाय आणि बोलण्यातली भाषा ठीक असते. फरक माहीत असणे चांगले. परंतु तो ठरवण्याचे काम घरी करू नये. तसेच मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर फार उतरली तर हुबेहूब पक्षाघातासारखे चित्र दिसते, म्हणून घरात ग्लुकोमीटर असेल तर बोटावरची एक तपासणी लगेच करून आकडा लिहून घ्यावा. मात्र त्यासाठी गाडी थांबवू नये.

लक्षणे दहा-पंधरा मिनिटांत पूर्ण ओसरली, तर घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो. तो टाकू नये. गुठळी क्षणभर अडकून विरघळली असेल, तर ती ज्या ठिकाणाहून आली ते ठिकाण तसेच आहे, आणि मोठा झटका येण्याचा धोका त्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांतच सर्वाधिक असतो. त्याच दिवशी तपासणी होऊन औषधे सुरू झाली तर हा धोका पुष्कळ कमी करता येतो. अशा छोट्या झटक्याला मी निसर्गाने आगाऊ पाठवलेली नोटीस समजतो, आणि ती पाकीट न फोडता फळीवर ठेवून देणारी माणसे प्रत्येक गावात सापडतात.

पहिला तास

रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ आधी लिहून घ्यावी. लक्षणे कधी दिसली ही वेळ वेगळी आणि ही वेगळी. सकाळी सहाला उठताना हात लुळा आढळला, तर डॉक्टरांच्या दृष्टीने घड्याळ रात्री झोपण्याच्या वेळेपासून सुरू होते. मात्र पहाटे चारला ते लघवीसाठी उठून नीट चालत गेले होते हे घरातल्या कुणी सांगितले, तर घड्याळ चारपासून धरले जाते आणि तेवढ्या फरकावर एखादा उपचार मिळणे-न मिळणे ठरू शकते. म्हणून रुग्णासोबत अशी व्यक्ती पाठवावी जिला हे ठाऊक आहे. सर्वांत ताकदवान पुतण्या पाठवण्यापेक्षा रात्री शेजारी असलेली पत्नी बरोबर असणे अधिक उपयोगाचे.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून मोफत उपलब्ध आहे. ती यायला फार वेळ लागणार असेल तर हाताशी असलेल्या गाडीने निघावे. कुठे जायचे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. जवळचा ओळखीचा दवाखाना गाठून तिथे सलाइन लावणे आणि दोन तासांनी ‘मोठ्या ठिकाणी न्या’ असा सल्ला मिळणे, हा आपल्याकडचा नेहमीचा क्रम आहे. त्याऐवजी जिथे चोवीस तास सीटी स्कॅन होते आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले जाते, असे आपल्या घरापासून सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, याची चौकशी आजच, कुणी आजारी नसताना करून ठेवावी. निघताना तिथे फोन करून ‘पक्षाघाताचा रुग्ण आणत आहोत’ असे कळवले, तर पुढची धावपळ वाचते.

वाटेत रुग्णाला कुशीवर वळवून झोपवावे, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही. पाणी, चहा, साखर, गोळी, काहीही तोंडात घालू नये, कारण अनेकांची गिळण्याची शक्ती गेलेली असते आणि घोट फुप्फुसात उतरतो. हृदयविकारात अ‍ॅस्पिरिन देतात हे ऐकून ती इथेही दिली जाते. झटका रक्तस्रावाचा असेल तर ती घातक ठरेल, आणि हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाही सांगता येत नाही. यंत्रावर रक्तदाब १९० दिसला म्हणून बीपीची जादा गोळी जिभेखाली ठेवणेही चूक आहे, कारण त्या वेळी मेंदूच्या अर्धमेल्या भागाला थोडे तरी रक्त त्या वाढलेल्या दाबामुळेच पोहोचत असते. तो किती उतरवायचा हे रुग्णालयात ठरते. सुईने बोटांची व कानांची टोके टोचून रक्ताचे थेंब काढल्यास झटका ओसरतो, असा संदेश वर्षानुवर्षे मोबाइलवर फिरतो आहे. त्यात काडीचेही तथ्य नाही. पारव्याचे मांस, नाकात तेल, अमुक गावचे लकव्याचे औषध यांच्यासाठी घालवलेला प्रत्येक तास पेशींच्या हिशेबात वजा होतो.

रुग्णालयात पहिली तपासणी सीटी स्कॅनची. रक्तस्राव तिथे लगेच दिसतो. गुठळीचा पक्षाघात मात्र पहिल्या काही तासांत स्कॅनवर दिसेलच असे नाही. ‘सीटी नॉर्मल आहे’ हे वाक्य म्हणून ‘झटका नाही’ असे ऐकू नये. रक्तस्राव नाही, म्हणजे इंजेक्शन देता येईल, असा त्याचा अर्थ असू शकतो. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा लाभ पहिल्या ३ तासांत होतो हे १९९५ मध्ये सिद्ध झाले आणि ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत नेता येते हे २००८ मध्ये दिसले. तथापि साडेचार तास ही सवड नव्हे. पहिल्या तासात दिलेले औषध चौथ्या तासातल्यापेक्षा कितीतरी अधिक गुणकारी असते. मोठ्या धमनीतली गुठळी मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून बाहेर काढण्याचा उपचार २०१५ नंतर जगभर रूढ झाला, आणि निवडक रुग्णांमध्ये तो २४ तासांपर्यंतही करता येतो. आपल्याकडे तो मुख्यतः मोठ्या शहरांत मिळतो.

इंजेक्शनपूर्वी नातेवाइकांची सही घेतली जाते आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका सांगितला जातो. मूळ अभ्यासात तो शंभरात सुमारे सहा रुग्णांना झाला होता. अशा वेळी ‘मुंबईच्या काकांना विचारतो’ म्हणून बाहेर गेलेला मुलगा अर्ध्या तासाने परततो, असे प्रसंग घडतात. निर्णय घेण्याचा अधिकार कुणाला, हे कुटुंबात आधी ठरलेले असेल तर काकांचा मानही राहील आणि वेळही.

रक्तदाब : पहिला आकडा

‘इंटरस्ट्रोक’ या अभ्यासात २०१६ पर्यंत भारतासह ३२ देशांतील रुग्ण तपासले गेले आणि पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के धोका दहा बदलता येण्याजोग्या कारणांत सामावतो असे आढळले. त्यात अग्रस्थानी उच्च रक्तदाब होता. वरचा रक्तदाब १० अंकांनी उतरवला तर पक्षाघाताचा धोका साधारण एक चतुर्थांशाने घटतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षांतून दिसते. दुसऱ्या कोणत्याही एका उपायात एवढी शक्ती नाही, म्हणून ज्याला एकच गोष्ट करायची असेल त्याने ही करावी.

उच्च रक्तदाबाला स्वतःचे असे लक्षण नसते. ‘मला बीपी वाढलेलं लगेच कळतं, डोकं जड होतं’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांच्यापैकी अनेकांचा दाब डोके हलके असतानाही १६० असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रिया उच्च रक्तदाबाच्या गटात आढळल्या. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी मोजून घ्यावे. आई-वडिलांपैकी कुणाला पक्षाघात झाला असेल तर अधिक वेळा.

मोजण्याची रीत चुकली तर आकडाही चुकतो. घरी ठेवायचे यंत्र दंडावर पट्टा बांधायचे असावे, मनगटाचे नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्यावा, कारण आखूड पट्टा आकडा फुगवतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू आणि धावपळ टाळावी, लघवी करून यावे, पाठ टेकवून आणि पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या पातळीत, आणि मोजताना बोलणे बंद. सूनबाई स्वयंपाकघरातून काही विचारते आहे आणि सासरे मांडी घालून, हात लोंबता सोडून बीपी मोजत उत्तर देत आहेत, असा घेतलेला आकडा कुणाच्याही उपयोगाचा नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे वहीत लिहावेत. असे सात दिवस सकाळ-संध्याकाळ केले, की डॉक्टरांपुढे ठेवायला खरे चित्र तयार होते. दवाखान्यात १४०/९० आणि घरी सरासरी १३५/८५ या मर्यादेच्या वर दाब राहत असेल तर तो उच्च मानतात. मधुमेही आणि आधी झटका येऊन गेलेल्यांसाठी बहुधा १३०/८० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असते.

गोळी सुरू झाली की ‘सवय लागेल’ ही भीती पुढे येते. चष्म्याची सवय लागते म्हणून कुणी चष्मा नाकारत नाही. आकडा १२५ वर आला म्हणून गोळी बंद करणे ही तर फार महागात पडणारी चूक आहे. आकडा गोळीमुळे आलेला असतो आणि गोळीसोबतच जातो. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या शासकीय आरोग्य केंद्रांतून मोफत दिल्या जातात आणि बाजारातही त्या फार महाग नाहीत. पायाला सूज, कोरडा खोकला, चक्कर असा त्रास झाला तर गोळी बदलून मिळते. स्वतःहून सोडू नये. एक महिन्याचे पाकीट संपण्याच्या चार दिवस आधी नवे आणावे, आणि गावी लग्नाला जाताना पिशवीत दागिन्यांच्या डब्याइतक्याच काळजीने गोळ्यांची पट्टी टाकावी.

मीठ

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ पुरे. आपल्या ताटात ते कुठून येते हे पाहिले तर भाजी-आमटीतल्या मिठाइतकेच ताटाच्या डाव्या बाजूचे मीठ डोळ्यांत भरते: लोणचे, ठेचा, पापड, तळलेली कुरडई, सांडगी मिरची. किनारपट्टीवर त्यात खारवलेला बांगडा आणि इतर सुकी मासळी येते, शहरात फरसाण, चिवडा, वेफर्स आणि पाव. पाव आणि बिस्किटे खारट लागत नाहीत, पण त्यांतही मीठ असतेच. लोणचे सर्वस्वी सोडा असे सांगणे सोपे आहे आणि कुणी ते पाळत नाही; त्याऐवजी रोजची फोड आठवड्यातून दोनदा खावी, पापड भाजून आणि क्वचित खावा, ताकात व भातावर वरून मीठ घेऊ नये, ताटात मिठाची चिमूट वाढण्याची रीत मोडावी, आणि भाजीतले मीठ दर आठवड्याला किंचित कमी करत जावे. दोन-तीन आठवड्यांत जिभेला ते अंगवळणी पडते. कोकम, लिंबू, चिंच, ओले खोबरे, कोथिंबीर हे आपल्या स्वयंपाकघरातले जुने सोबती इथे कामाला येतात.

सैंधव किंवा काळे मीठ हा सुटकेचा मार्ग नाही. तेही मुख्यतः सोडियमच. ज्यात सोडियमचा काही भाग पोटॅशियमने बदललेला असतो असे मीठ मात्र खरोखर वेगळे आहे. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठामुळे पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

तंबाखू, साखर आणि बाकीचे

विडी-सिगारेटमुळे पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट होतो आणि सोडल्यावर काही वर्षांत तो बराच ओसरतो, हे सर्वांना ऐकून माहीत असते. तंबाखू-चुन्याचा बार आणि दात घासण्याची मिश्री मात्र हिशेबात धरलीच जात नाही. डॉक्टरांनी ‘धूम्रपान करता का’ असे विचारल्यावर आजी ठामपणे ‘नाही’ म्हणतात, आणि ते खरेही असते. दिवसातून चार वेळा लावलेल्या मिश्रीतले निकोटिन मात्र हिरड्यांतून रक्तात जातच असते. म्हणून घरच्यांनीच ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

मधुमेहात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (एचबीए१सी तपासणीचा) आकडा बहुतेकांसाठी ७ टक्क्यांच्या आसपास ठेवायचा असतो. दारू जितकी कमी तितके बरे. एका बैठकीत भरपूर पिणे रक्तदाबासाठी आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी विशेष वाईट. आठवड्यातून १५० मिनिटे भरभर चालावे, इतके भरभर की बोलता येईल पण गाता येणार नाही. शेतात राबणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज नाही, हे बहुतांशी खरे आहे. पण ट्रॅक्टर आणि मोटरसायकल आल्यापासून गावातला माणूस किती चालतो हेही तपासून पाहावे. झोपेत मोठ्याने घोरून मध्येच श्वास अडकणाऱ्यांनी ती गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी, कारण तिचा रक्तदाबाशी जवळचा संबंध आहे.

नाडी आणि बाळंतीण

अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटे ठेवून एक मिनिट नाडी मोजावी. ठोके ओळीने, सारख्या अंतराने पडत असतील तर ठीक. कधी दोन जवळ, कधी एक लांब, असा मेळ नसलेला क्रम सतत लागत असेल तर ईसीजी काढून घ्यावा. अशा अनियमित ठोक्यांमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीने तो पुष्कळ कमी करता येतो. आपल्या देशात लहानपणीच्या सांधेज्वरामुळे हृदयाची झडप अरुंद झालेल्या तिशी-चाळिशीतल्या स्त्रियांनाही असे झटके येतात. त्यांना सहसा जुन्या पद्धतीची गोळीच लागते, जिच्यासाठी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी आयएनआर तपासणी नियमित करून आकडा बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवावा लागतो. हिरव्या पालेभाज्या बंद करण्याची गरज नसते, रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवले म्हणजे झाले.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि शरीरातले पाणी कमी झाले तर तो आणखी वाढतो. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे, तिला जागेवरून हलू देऊ नये, ही काही घरांतली रीत या दृष्टीने घातक आहे. तिने तहान लागेल तेवढे पाणी प्यावे आणि घरातल्या घरात चालावे. बाळंतिणीचे डोके दिवसेंदिवस वाढत्या प्रमाणात दुखणे, उलट्या, धूसर दिसणे किंवा आकडी येणे यांना दृष्ट किंवा बाहेरची बाधा न समजता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. वेळीच ओळखल्यास या आजारातून बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात.

एकदा झटका येऊन गेल्यावर

घरी आल्यानंतर पहिले लक्ष गिळण्याकडे द्यावे. जेवताना ठसका लागत असेल, आवाज ओला येत असेल, तर बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, घट्टसर पदार्थ लहान घासांनी द्यावेत आणि गिळण्याची तपासणी करून घ्यावी. लुळ्या हाताला धरून रुग्णाला ओढून उठवू नये. खांदा निखळतो आणि ते दुखणे महिनोन्महिने पुरते. जोरकस मालिशीने मेंदूतली वाट दुरुस्त होत नाही. तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून घेण्याने ती काही प्रमाणात नव्याने तयार होते, म्हणून फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम दिवसातून अनेकदा, थोडा थोडा करावा. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत वेगाने होते, पण त्यानंतर ती थांबते असे नाही. रुग्ण गप्प राहतो, रडतो, व्यायाम टाळतो, याचे कारण आळस नसून नैराश्य असू शकते आणि त्यावर औषध आहे.

दुसरा झटका टाळण्याची औषधे मूळ कारणाप्रमाणे बदलतात. गुठळीच्या सौम्य झटक्यानंतर अनेकदा पहिले २१ दिवस दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि नंतर एक, कोलेस्टेरॉलची गोळी घेऊन एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बहुधा ७० च्या खाली, आणि मानेतली धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद झाली असेल तर शक्यतो दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रियेचा विचार, असा साधारण क्रम असतो. रक्तस्रावाच्या रुग्णाला यांतल्या काही गोळ्या चालत नाहीत, म्हणून शेजारच्या घरातली चिठ्ठी पाहून औषधे जुळवू नयेत.

एक कागद घ्यावा. त्यावर चोवीस तास सीटी स्कॅन असलेल्या जवळच्या रुग्णालयाचे नाव आणि फोन, १०८, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची चालू औषधे, रक्त पातळ करणारी गोळी असल्यास ती ठळक अक्षरांत, आणि निर्णय कोण घेणार त्याचे नाव लिहावे. खाली एक रिकामी ओळ सोडावी : ‘शेवटचे ठीक दिसले ती वेळ’. हा कागद फ्रिजच्या दारावर, दुधाच्या हिशेबाशेजारी लावावा आणि औषध बदलले की त्यावरही बदलावे.